पुण्याहून स्पेनच्या डोंगरात सायकलिंगला जायचंय? चढाचं सोडा, उताराचं बघा

सिंहगड एका दमात चढणारे, बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) दोनशे-तीनशे किलोमीटर केलेले लोक आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, आणि त्यातलेच बरेच जण हल्ली म्हणतात की एकदा युरोपात जाऊन माउंटन बाइकिंग करायचंय, मग स्वित्झर्लंडचे रेट बघून डोळे पांढरे होतात आणि नजर स्पेनकडे वळते. विचार चांगलाच आहे. फक्त तयारी म्हणजे सगळे जण एकच करतात, चढाची. आठवड्यातून तीनदा सिंहगड, रविवारी पानशेत, झालं. आणि तिकडे गेल्यावर कळतं की दम भरपूर आहे पण खाली उतरता येत नाही. स्पेनच्या गावाकडच्या पायवाटांवर खरी परीक्षा उताराची असते, आणि दुसरी घड्याळाची, म्हणजे पाणी कुठे मिळणार, दुकान कधी उघडणार, ऊन कधी तापणार हे सगळं. या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं निभावतं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात तिकीट-हॉटेल थोडक्यात आणि उतार जरा सविस्तर.

आधी ठरवा, कुठल्या स्पेनला जायचंय

स्पेन म्हटलं की लोकांना समुद्रकिनारा नाहीतर बार्सिलोना आठवतं, पण देश डोंगराळ आहे आणि डोंगर एकसारखे नाहीत. माझ्या मते आपल्या लोकांसाठी तीन पर्याय आहेत.

पहिला, आइन्सा. उत्तरेला अरागॉन भागात, उएस्का प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याला सोब्रार्बे नावाचा प्रदेश आहे, तिथे सिंका आणि आरा या दोन नद्यांच्या संगमावर हे जुनं दगडी गाव. उंची साधारण ५९० मीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याएवढीच, पण मान वर केली की पेन्या मोंतान्येसाचा कडा जवळपास २,३०० मीटरवर. इथल्या ट्रेलच्या जाळ्याला झोना झेरो म्हणतात आणि एंड्युरो (उताराची वेळ मोजणारी माउंटन बाइक शर्यत) खेळणाऱ्यांत हे नाव जगभर माहीत आहे, एंड्युरो वर्ल्ड सिरीजची शर्यत इथे २०१५ आणि २०१८ मध्ये झाली.

हे ट्रेल कोणी मुद्दाम सायकलसाठी खोदलेले नाहीत, निदान बहुतेक तरी नाहीत. या गावातून त्या गावात खेचरं घेऊन जायच्या जुन्या वाटा आहेत त्या. विसाव्या शतकात या डोंगरातली गावं भराभर रिकामी झाली, काही लोक शहरात कामाला गेले, काही गावं धरणांनी उठवली. आइन्सापासून जवळ मेदियानोचं धरण आहे, त्यात गाव बुडालं आणि चर्चचा मनोरा अजून पाण्यातून वर दिसतो. उजनीतलं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथे थांबावंसं वाटेलच. हानोवास गावाचं तर आणखी वाईट, धरणासाठी लोकांना घरं सोडायला लावली आणि धरण शेवटी बांधलंच नाही. माणसं गेली, वाटा झाडीत गडप झाल्या, आणि मग सायकलवाल्या स्थानिक मंडळींनी त्या शोधून साफ केल्या. हे सांगायचं कारण असं की वाट खेचराच्या पावलाच्या हिशोबाने बनलेली आहे, त्यामुळे वळणं अचानक आणि काटकोनात येतात, दगडी पायऱ्या येतात, दोन्ही बाजूंना गडग्यासारख्या कोरड्या दगडी भिंती येतात. मशीनने बनवलेल्या बाइक पार्कसारखं गुळगुळीत काही नाही. ज्याला हे आवडतं त्याला दुसरं काही आवडत नाही.

दुसरा पर्याय दक्षिणेला, ग्रॅनाडाजवळ, सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरची अल्पुहारा खोरी. मुलासेन हे आयबेरियन द्वीपकल्पातलं सर्वात उंच शिखर इथेच, ३,४७९ मीटर. पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही पांढरी गावं पोकेइराच्या घळईत एकावर एक चढत गेलेली आहेत, शेतांना पाणी द्यायला जुने पाट आहेत ज्यांना असेकिया म्हणतात, त्यांचं जाळं अरब राजवटीच्या काळातलं आहे आणि बऱ्याच वाटा या पाटांच्या कडेने जातात. इथे चढ लांबच लांब आणि वाट तुलनेने सोपी, कच्चे रस्ते भरपूर, म्हणजे आपल्या घाटवाल्यांना मानवणारं. जास्तच हौस असेल तर सिएरा नेवादाला पूर्ण फेरी मारणारा ट्रान्सनेवादा मार्ग आहे, सुमारे ४५० किलोमीटर, लोक आठ टप्प्यांत करतात. आणि कापिलेइराहून वर वेलेता शिखराच्या खांद्यावरून पलीकडे जाणारा जुना रस्ता आहे, खाजगी गाड्यांना बंद, सायकलला चालतो, पण ३,००० मीटरच्या वर जातो म्हणून बर्फ वितळल्यावरच, म्हणजे भर उन्हाळ्यात. कळसूबाई १,६४६ मीटर आहे हे लक्षात ठेवून बेत आखा, पहिल्याच दिवशी वर पळू नका.

तिसरा पर्याय घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. व्हिया व्हेर्दे, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे सायकल रस्ते, १९९३ पासून हे काम चालू आहे आणि आता देशभर मिळून ३,००० किलोमीटरच्या वर झालेत. अंदालुसियात ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो हा ३६ किलोमीटरचा तुकडा घ्या, ३० बोगदे आहेत, मधे गिधाडांची मोठी वसाहत असलेला साफ्रामागोनचा कडा आहे, आणि गंमत म्हणजे या मार्गावर गाडी कधी धावलीच नाही, काम अर्धवटच राहिलं. रेल्वेसाठी आखलेला असल्याने चढ अगदी हलका. ज्यांना लांब जायचंय त्यांना तेरुएलच्या डोंगरातून समुद्राकडे उतरणारा ओहोस नेग्रोसचा जुना खाणीचा रेल्वेमार्ग आहे, सुमारे १६० किलोमीटर. बोगद्यांसाठी दिवा न्या, सगळीकडे लाइट असेलच असं नाही.

तंबू-बिंबू घेऊन बाइकपॅकिंग करणाऱ्यांसाठी मोंतान्यास वासियास नावाचा सुमारे ६८० किलोमीटरचा फेरा तेरुएलहून आहे, युरोपातल्या सर्वात विरळ वस्तीच्या भागांपैकी एकातून जातो. तिथे एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत अख्खा दिवस जाऊ शकतो, पहिल्या खेपेला मी कोणालाच सुचवणार नाही.

यापुढचं बरंचसं आइन्सा डोक्यात ठेवून लिहितोय, कारण तिथे जमलं तर बाकी ठिकाणी जमतंच.

कधी जायचं

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आपली मे महिन्याची शाळेची सुट्टी बरोबर बसते त्यात. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत पारा चाळिशी ओलांडतो, खोऱ्यात तर हाल होतात, आणि पिरेनीजमध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो, त्यामुळे धारेवर असाल तर दुपारच्या आत खाली यायचं. हिवाळ्यात वर बर्फ आणि खाली चिखल.

आइन्साच्या आजूबाजूला राखाडी-निळसर मातीचे बोडके उतार आहेत, मार्ल म्हणतात त्याला, फोटोत चंद्रावरची जमीन वाटते. कोरडी असली की टायर असा धरते की विचारू नका. ओली झाली की आपल्या सोलापूरकडच्या काळ्या मातीसारखी, चाक फिरेनासं होतं, फ्रेममध्ये गच्च बसते, सायकल खांद्यावर घ्यावी लागते आणि वर तिचं वजन दुप्पट झालेलं असतं. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी मार्लच्या ट्रेलवर जायचं नाही. एक तर तुम्हाला त्रास, दुसरं म्हणजे ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून तशीच राहते आणि ट्रेल सांभाळणाऱ्यांच्या शिव्या बसतात. त्या दिवशी दगडाळ, झाडीतला ट्रेल धरा, कुठला ते सायकल भाड्याने देणाऱ्याला विचारा, तो सांगतो.

पुण्यात काय सराव करायचा

हे नीट वाचा. पुण्यात आपण किलोमीटर मोजतो. "काल शंभर झाले." तिकडे चढाचे मीटर आणि उताराचा रंग मोजतात. तीस किलोमीटर आणि हजार मीटर चढाचा पायवाटेचा राउंड म्हणजे पाच तास आरामात जातात, आणि त्यातले शेवटचे दोन तास उतारावर हाताची बोटं ब्रेकवर आखडलेली असतात. हायवेचे शंभर किलोमीटर आणि याचा काही संबंध नाही.

ट्रेलचे रंग हिरवा, निळा, लाल, काळा. हिरवा सोपा, काळा म्हणजे जाऊच नका. आपल्याकडे टेकडीवर बिनधास्त फिरणारा माणूस तिकडे निळ्यावर ठीक चालतो, लालवर त्याची तंतरते. एंड्युरोच्या भागातला निळा हा बाइक पार्कमधल्या निळ्यापेक्षा अवघड असू शकतो हेही धरून चाला.

सरावाला जागा आपल्याकडे आहे, नाही असं नाही. वेताळ टेकडी, पाषाण, तळजाई इथल्या मुरमाच्या वाटा, पाबे घाटाच्या आणि वेल्ह्याच्या बाजूचे कच्चे रस्ते. टेकडीवर वनखात्याच्या वेळा आणि पाट्या पाळा, आणि सकाळी सहा ते आठ चालायला येणाऱ्या काका-काकूंच्या गर्दीत उतारावर सुसाट सुटू नका, एकतर चुकीचं आहे आणि दुसरं त्यामुळेच सायकली बंद करा अशी ओरड होते. दुपार कलल्यावर किंवा आडवारी जा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुरूम सुटा होतो, खाली कडक आणि वर गोट्यांसारखे खडे, हा पृष्ठभाग सरावाला सोनं आहे कारण स्पेनच्या कोरड्या वाटा बऱ्याचशा अशाच असतात.

करायचं काय, तर एकच शंभर-दोनशे मीटरचा उतार निवडा आणि तोच परत परत उतरा. सीट खाली. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटण दाबून सीट खाली-वर करणारा दांडा, नसेल तर हाताने खाली करा, लाजू नका. पेडल समांतर ठेवून उभं राहायचं, टाच खाली दाबलेली, गुडघे आणि कोपर मोकळे, कंबर मागे, पण एवढीही मागे नाही की पुढच्या चाकावरचं वजनच निघून जाईल, कारण वजन गेलं की पुढचं चाक तुमचं ऐकत नाही. नजर चाकासमोर नाही, पाच-सहा मीटर पुढे, वळण असेल तर वळणाच्या पलीकडे. ब्रेकवर एकच बोट, पहिलं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडायचा. सुट्या मुरमावर वळणात पुढचा ब्रेक दाबला की खांदा जमिनीला टेकलाच समजा. हे वाचायला सोपं आहे, अंगात मुरायला महिने लागतात, म्हणून व्हिसाच्या आधी हे सुरू करा.

मग पायऱ्या. कुठल्यातरी टेकडीच्या रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या, माणसं नसताना. आधी दोन, मग चार. आणि काटकोनी वळणं, हळू वेगात, पाय न टेकता, पार्किंगमध्ये चार चपला ठेवून त्यांच्याभोवती आठ काढा, सोसायटीतले लोक हसतील, हसू द्या.

आता ब्रेकची एक भानगड, हिच्यावर कोणी बोलत नाही. आपला सगळ्यांचा हात स्कूटरवर तयार झालेला. स्कूटरचा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा. स्पेनमध्ये, एकूणच युरोपच्या मुख्य भूमीवर, सायकलचा उजवा लिव्हर मागच्या चाकाचा असतो आणि डावा पुढच्या. घाबरल्यावर हात विचार करत नाही, डाव्या हाताने "मागचा" म्हणून कचकन दाबला की हँडलवरून पुढे. तुमच्या सायकलचे ब्रेक आत्ता कसे आहेत ते आज बघा. उजवा पुढचा असेल तर निघायच्या दोन-तीन महिने आधी पुण्यातल्या मेकॅनिककडून उलटे करून घ्या आणि त्यावरच सराव करा. किंवा तिथल्या दुकानाला बुकिंग करतानाच कळवा की ब्रेक बदलून हवेत, काही दुकानं करून देतात, पण हायड्रॉलिक असल्याने आयत्या वेळी सांगितलं तर नाही म्हणणारच.

सायकल न्यायची का भाड्याने घ्यायची

भाड्याने. खोक्यात बांधणं, विमान कंपनीचे वजनाचे नियम, मुंबईपर्यंत कॅबमध्ये खोका बसवणं, आणि शिवाय आपल्याकडे बहुतेकांकडे हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, असते. आइन्साला १४०-१५० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी) फुल सस्पेन्शन, पुढे-मागे दोन्हीकडे, आणि जाड ट्यूबलेस टायर लागतात, ते तिथल्या दुकानात मिळतं. अल्पुहाराच्या कच्च्या रस्त्यांना चांगली हार्डटेल पुरते, व्हिया व्हेर्देला तर काहीही चालतं. ई-बाइक पण भाड्याने मिळते, स्वतःची न्यायचा विचार करू नका, प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-बाइकची त्याच्या कितीतरी पट असते.

स्वतःचं काय न्यायचं, तर हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड, बूट, सवयीचे असतील तर पेडल. एवढ्यावर कंजुषी नको. तरीही कोणाला आपलीच महागडी सायकल न्यायची असेल तर निघताना मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत येताना ही तिकडून विकत आणली नाही हे सिद्ध करत बसाल.

कागदपत्रं पटकन सांगतो. शेंगेन व्हिसा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून लवकर हलवा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, पण त्या स्वस्त पॉलिसीत माउंटन बाइकिंग धरलेलं नसतं बऱ्याचदा, बारीक अक्षरं वाचा आणि साहसी खेळांचं कव्हर वेगळं घ्या. गाडी भाड्याने घेणार असाल तर पुण्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. आइन्साला रेल्वे नाही, माद्रिदहून सारागोसापर्यंत वेगवान गाडीने सव्वा-दीड तास आणि पुढे कारने किंवा बार्बास्त्रोमार्गे बसने. बसच्या फेऱ्या मोजक्या, चौघं असाल तर कारच परवडते. अल्पुहाराला ग्रॅनाडाहून बस थेट कापिलेइरापर्यंत जाते.

दिवस कसा आखायचा

आपल्याला पहाटे पाचला निघायची सवय. तिकडे ऑक्टोबरमध्ये उजाडतंच आठच्या सुमारास, आणि गावातला बार, म्हणजे आपलं अमृततुल्य समजा, चहा-कॉफी-ब्रेड सगळं तिथेच, तो पण आठ-साडेआठला उघडणार. जूनमध्ये उलटं, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला दिवसाचे दोन भाग करा, सकाळी लवकर एक राइड आणि हवं तर संध्याकाळी सहानंतर छोटी दुसरी.

मधे दुकानं बंद. साधारण दोन ते पाच. दुपारी एक ते चार पाटी लावणाऱ्या शहरातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, फक्त इथे अख्खं गाव बंद असतं आणि रविवारी तर दिवसभर. म्हणून पुढच्या दिवसाचं खाणं आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवायचं, रविवारचं शनिवारी. हॉटेलातलं दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या आधी मागितलं तर बघत राहतात. दुपारी मेनू देल दिया मागा, ठरलेल्या किमतीत दोन कोर्स, ब्रेड, गोड आणि पेय, राइडनंतर यापेक्षा चांगला सौदा नाही.

शाकाहारी लोकांनी जरा सावध. "भाजी" मागवली तरी त्यात हॅमचे तुकडे असू शकतात, मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असतोच. "सिन कार्ने, सिन हामोन", म्हणजे मांस नको, हॅम नको, हे तोंडपाठ करा आणि दोन्ही म्हणा, कारण हामोन म्हणजे मांस असं तिथल्या बऱ्याच लोकांना वाटत नाही. अंडं चालत असेल तर तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, ते ब्रेडमध्ये घालून बोकादियो बांधून घ्या, डोंगरात उत्तम. अंडंही नको असेल तर टोमॅटो चोळलेला ब्रेड आणि ऑलिव्ह तेल. पुण्याहून शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, खजूर न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मे महिन्यात कोणीतरी हापूसची पेटी घेऊन येतो म्हणेल, त्यालाही आवरा.

पाण्याचं मात्र बरं आहे. जवळपास प्रत्येक जुन्या गावात फुएंते असतो, दगडी नळ, थंडगार पाणी. पाटी वाचा, "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर तोंड धुवायचं फक्त. रिकाम्या गावांतले नळ उन्हाळ्यात आटलेले असू शकतात म्हणून नकाशावर फुएंते दिसतोय या भरवशावर बाटली रिकामी करायची नाही. तीन लिटरचं ब्लॅडर, म्हणजे नळीवाली पाण्याची पिशवी, पाठीला आणि एक बाटली सायकलला.

वाट कशी ओळखायची

मोबाइलला दरीत रेंज नसते, नकाशे आधीच डाउनलोड करा. स्पेनमध्ये लोक विकिलॉक हे वाटांच्या ट्रॅकचं ॲप फार वापरतात, ते तिथलंच आहे, पण त्यावरचा ट्रॅक कोणी, कधी, कुठल्या सायकलवर टाकलाय ते बघा, चालत गेलेल्या माणसाचा ट्रॅक धरून सायकल उचलत बसाल. झोना झेरोसारख्या ठिकाणी त्यांचे अधिकृत ट्रॅक घ्या, नंबर आणि रंग दिलेले असतात.

दगडांवर रंगाचे पट्टे दिसतील. लाल-पांढरा म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट, पिवळा-पांढरा म्हणजे मध्यम, हिरवा-पांढरा म्हणजे गावाभोवतीची छोटी. याच रंगात फुली असेल तर तुम्ही चुकीच्या वाटेला लागलात. या खुणा चालणाऱ्यांसाठी आहेत, वाट सायकलला चांगलीच असेल असा अर्थ नाही. आणि चालणारा समोर आला की आपण थांबायचं, "ओला" म्हणायचं, त्याला जाऊ द्यायचं. नॅशनल पार्कमध्ये, आइन्साजवळ ओर्देसा आहे, तिथल्या पायवाटांवर सायकल न्यायची नाही, ते बघायला एक दिवस पायीच जा, तसंही पायांना बदल लागतो.

"कोतो प्रिवादो दे कासा" अशा पाट्या जागोजागी दिसतील. घाबरू नका, ती शिकारीच्या हक्काची पाटी आहे, वाट बंद असल्याची नाही. पण शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत, खास करून शनिवार-रविवारी, रानडुकरांची हाकाऱ्याची शिकार चालते, "बातिदा" असा बोर्ड आणि नारिंगी जॅकेटवाले लोक दिसले की दुसरा ट्रेल. वाद घालायचा नाही, त्यांच्या हातात बंदूक आहे.

फाटक बंद असेल तर उघडून जा आणि परत बंद करा, उघडं असेल तर उघडंच ठेवा. मेंढ्यांचा कळप दिसला की त्यात कुठेतरी मास्तिन कुत्रा असणार, प्रचंड मोठा, कळपाशी एकनिष्ठ. आपल्या धनगरांच्या कुत्र्यांचा अनुभव असेल त्याला कळेल. पॅडल मारत पळू नका, उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्यामध्ये धरा, शांतपणे बोलत लांबून वळसा घ्या. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाइनच्या जंगलात एकामागोमाग एक रांगेत जाणाऱ्या केसाळ सुरवंटांना हात लावू नका, त्यांच्या केसांनी अंगावर जबरी पुरळ उठतं.

दोन गावांच्या मधे डांबरी रस्ता लागला तर उजवीकडून चालवायचं, हे पहिल्या वळणावर विसरतोच माणूस. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, कानात इयरफोन घालून चालवायला बंदी आहे आणि दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, त्यामुळे जेवणातली वाइन मुक्कामाला पोचल्यावर. गाडीवाल्यांनी ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे आणि गावाकडे लोक तो पाळतात, पहिल्यांदा मागून गाडी हॉर्न न वाजवता नुसती थांबून राहिली की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

पाच दिवस असतील तर

पहिला दिवस निळा ट्रेल, गावाजवळचाच, छोटा. विमानाचा शीण, नवी सायकल, उलटे ब्रेक, तेवढं पुरे. टायरमध्ये हवा कमी ठेवा, ट्यूबलेस असेल आणि वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर २२ ते २६ पीएसआयपासून सुरुवात करा, पुण्यात आपण चाळीस भरून फिरतो आणि मग म्हणतो घसरतंय. दुसऱ्या दिवशी गाइड घ्या. पैसे जातात पण एका दिवसात तो तुमची लायकी ओळखून पुढचे तीन दिवस कुठे जा, कुठे जाऊ नका हे सांगतो, याच्याइतका वसूल खर्च दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी रेमोंते, म्हणजे व्हॅनमध्ये सायकली घालून वर सोडतात आणि तुम्ही नुसते उतरायचं, ऐकायला सोपं वाटतं पण संध्याकाळी हात इतके दुखतात की चमचा धरवत नाही. म्हणून चौथा दिवस सुट्टी, ओर्देसा किंवा मेदियानोचा मनोरा. पाचव्या दिवशी, अंग ठीक असेल आणि गाइड हो म्हणाला असेल तर लाल. मन म्हणतंय म्हणून नाही.

ग्रुप चौघांचा बरा. दोघं असाल तर एकाला लागलं की दुसरा त्याच्याजवळ थांबेल का मदतीला जाईल हा प्रश्न येतो. एकट्याने गावाजवळचे हिरवे-निळे सोडून कुठे जायचं नाही, आणि जिथे उतरला आहात तिथल्या मालकिणीला कुठला ट्रेल, किती वाजता परत हे सांगून निघायचं.

अपघात झालाच तर नंबर ११२. संपूर्ण युरोपात हाच. इंग्रजी बोलणारं कोणीतरी मिळतं पण वेळ लागू शकतो, म्हणून तीन गोष्टी तयार ठेवा, जीपीएसचे आकडे, ट्रेलचा नंबर, आणि किती जणांना काय लागलंय. डोंगरातली सुटका बहुतेक भागात गुआर्दिया सिविलचं ग्रेइम नावाचं पथक करतं, गरज पडली तर हेलिकॉप्टर येतं. हेलिकॉप्टर दिसलं की सायकली आडव्या करून, सुटे जॅकेट-हेल्मेट सगळं दाबून ठेवायचं, दोन्ही हात वर करून उभं राहायचं, म्हणजे मदत हवी आहे. एकच हात वर आणि एक खाली केला तर नको आहे असा अर्थ होतो. पॉलिसीचा नंबर आणि विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येकाने आपापल्या सॅकमध्ये ठेवायचा, एकाच्याच मोबाइलमध्ये नाही.